मंडळीच्या आरोग्याचा अहवाल मंडळीकडेच राहू द्या

प्रति,
विदर्भातील सर्व चर्च-संस्थांचे बिशप, अधीक्षक आणि कार्यकारी व बदली समित्यांचे सन्माननीय सभासद यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने सलाम.

गेल्या काही वर्षांत आपल्या भागातील काही मंडळ्यांमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चच्या समुदायांमध्ये, स्वयंसेवक कोच जाऊ लागले आहेत. मंडळीने आपली प्रकृती स्वतः तपासावी, कुठे दुखते आहे ते एकमेकांत बोलावे आणि एका वेळी एकच गोष्ट सुधारायला घ्यावी, यासाठी दुसऱ्या मंडळीतला एखादा विश्वासू माणूस वर्ष-दोन वर्षे महिन्यातून एकदा येऊन सोबत बसतो, एवढेच या कामाचे स्वरूप आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक असून या कोचांपैकी एक आहे. या कामातून मंडळीबद्दल जे समजते त्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेक संस्थांनी अजून कागदावर सोडवलेला नाही, आणि तो तसाच राहिला तर चांगले चाललेले काम बंद पडेल, अशी मला धास्ती वाटते. हा प्रश्न एका संस्थेपुरता नसल्यामुळे खासगी पत्र न लिहिता उघडपणे लिहीत आहे.

कोच म्हणजे नेमके कोण, याविषयी समित्यांमध्ये बराच गोंधळ दिसतो. कोणाला तो तपासनीस वाटतो, कोणाला श्रद्धा जागवण्यासाठी भरवल्या जाणाऱ्या संजीवन सभेचा वक्ता, तर कोणाला वरून निधी आणून देणारा माणूस. गावात पोचल्यावर पहिला अर्धा तास शाल-श्रीफळ आणि ‘दोन शब्द बोला’ या आग्रहातच जातो, आणि जो कोच त्या आग्रहाला बळी पडून उपदेश करतो त्याचे पुढचे काम अवघड होते, कारण व्यासपीठावर चढलेल्या माणसापुढे मग कोणी मनातले बोलत नाही. कोचाने विचारायचे असते. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपला जावई मोशे याच्याकडे पाहुणा म्हणून येतो, दिवसभर न्यायनिवाड्याची रांग पाहतो आणि मोशेला विचारतो की तू एकटाच का बसतोस आणि लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभे का राहतात. त्याने पुढे सल्लाही दिला हे खरे, पण तो मानायचा की नाही हे मोशेवर सोपवले, आणि शेवटी तो आपल्या गावी परत गेला. आमच्या प्रशिक्षणात या परत जाण्यावर विशेष भर असतो.

या कामात वापरली जाणारी पद्धत जर्मनीतल्या क्रिश्चन श्वार्त्स यांच्या अभ्यासातून आली आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी ३२ देशांतील सुमारे १००० मंडळ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि निरोगी मंडळीची आठ लक्षणे मांडली. ती अशी : इतरांना सामर्थ्य देणारे नेतृत्व, कृपादानांप्रमाणे (देवाने ज्याला जे गुण दिले त्यांप्रमाणे) सेवा, उत्कट भक्ती, कामाला येणारी रचना, प्रेरणा देणारी उपासना, सर्व जीवनाला स्पर्श करणारे लहान गट, गरज ओळखून केलेली सुवार्ता आणि प्रेमाचे संबंध. या पद्धतीचा गाभा असा की आठांपैकी जे लक्षण सर्वांत कमकुवत असते तेच मंडळीला अडवून धरते, म्हणून आधी त्याच्याकडे पाहावे. हा विचार मुळात शेतीशास्त्रातला आहे. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लोकांपुढे ठामपणे मांडले की जमिनीत जे अन्नद्रव्य सर्वांत कमी असेल तेच उत्पन्नाची मर्यादा ठरवते. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका हातात पडू लागल्यानंतर आपल्या कापूस-सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही : जस्त कमी असलेल्या वावरात युरियाची आणखी दोन पोती टाकून काय होते, हे त्याने पाहिलेले असते. आमच्या मंडळ्यांत भक्ती कमी पडते आहे असे वाटले की संजीवन सभा आणि उपस्थिती कमी झाली तरीही संजीवन सभाच ठेवली जाते. ते युरियाचेच पोते आहे.

श्वार्त्स यांची पद्धत म्हणजे काही शास्त्रवचन नाही, आणि तिच्यावर टीका करणारे अभ्यासू लोकही आहेत. आमच्या दृष्टीने तिची सर्वांत मोठी अडचण साधी आहे : प्रश्नावली पाळकाव्यतिरिक्त (म्हणजे मंडळीच्या पास्टरव्यतिरिक्त) ३० सक्रिय सभासदांनी भरावी अशी अपेक्षा असते, आणि आमच्या कित्येक खेड्यांत सगळी मिळून तेवढी प्रौढ माणसे उपासनेला येत नाहीत. बावीस माणसांच्या उत्तरांवरून काढलेल्या सरासरीला फार अर्थ नसतो, दोन भावांचे भांडण झाले तरी ती ढळते. म्हणून आम्ही आकड्यांकडे बोलणे सुरू करण्याचे निमित्त म्हणून पाहतो. आणि म्हणूनच हा आकडा गावाबाहेरच्या टेबलावर, त्या बावीस माणसांपैकी एकही समोर नसताना ठेवला गेला की तो दिशाभूल करतो.

प्रश्नावली कशी भरली जाते, हे आपण एकदा स्वतः पाहावे अशी विनंती आहे. मोठ्या शहरातली मंडळी कागद घरी नेऊन भरते. आमच्याकडे निम्म्या वयस्कर सभासदांना वाचता येत नाही किंवा चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि ज्यांना लिहिता येते त्यांचे अक्षर पंचमंडळाचे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचे, सेक्रेटरी शाळेपासून ओळखतात. म्हणून कोणाकडून एक अक्षरही लिहून घेतले जात नाही. प्रत्येकाला एकाच रंगाचे पेन दिले जाते, प्रश्न मोठ्याने वाचला जातो, पाच खणांपैकी एकात खूण करायची आणि कागदाची घडी करून खोक्यात टाकायची. ज्यांना कागद हाताळता येत नाही त्यांच्याजवळ दुसऱ्या मंडळीतली एक बाई बसते, नात्यातली नको म्हणून मुद्दाम लांबून आणलेली. सोयरिकींचे जाळे पाहता अशी बाई शोधणे हेच निम्मे काम असते. खोके गावात उघडत नाहीत. हे सगळे सप्टेंबर ते जानेवारीत करू नये, कारण सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी चालू असताना बाया उपासनेलाच येऊ शकत नाहीत आणि मग जी प्रकृती मोजली जाते ती घरी बसणाऱ्या पुरुषांची असते. एका म्हाताऱ्या आजींनी खूण करून झाल्यावर पेन परत देताना म्हटले होते, ‘‘मले आजलोक कोनी इचारलंच नाही, बापू.’’ त्या मंडळीत त्यांची तिसरी पिढी चालू होती.

या खबरदारीतून काय हाती लागते, याचे एक उदाहरण देतो. दारव्हा-दिग्रस पट्ट्यातील एका मंडळीत पंचमंडळाच्या मते पहिली गरज कंपाउंडच्या भिंतीची आणि दुसरी नव्या साउंड सिस्टिमची होती. उत्तरांत सर्वांत खाली आले प्रेमाचे संबंध. पंचांना ते पटेना, कारण त्यांच्या मंडळीत भांडण असे काही नव्हते. तेव्हा कोचाने एवढेच विचारले की मागच्या वर्षभरात, लग्न, बारसे किंवा मयत नसताना, आपल्यापैकी कोण कोणाच्या घरी जेवायला गेले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग हळूहळू असे निघाले की जुन्या गावठाणातली घरे आणि नव्या ले-आउटमधली घरे एका जुन्या लग्नाच्या बोलणीपासून एकमेकांकडे जेवत नव्हती. उपासना एकत्र, प्रभुभोजन एकत्र, नाताळची फेरी एकत्र, पण ताट वेगळे. ठरले असे की महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळीपाळीने एका घरी दोन्हीकडच्या तीन-तीन कुटुंबांनी जेवायचे. खर्चाचा मुद्दा एका विधवा बाईने काढला आणि तो अगदी योग्य होता, म्हणून वरण-भात आणि एक भाजी, त्याहून जास्त कोणी करायचे नाही, असा ठरावच नोंदवहीत लिहिला गेला. वर्षाअखेरीस सभासदसंख्या तेवढीच होती, भिंतही बांधली गेली नव्हती. मात्र ले-आउटमधले दोघे जण, जे कधी कमिटीच्या बैठकीला येत नसत, ते येऊ लागले, आणि भिंतीचा विषय पुन्हा निघाला तेव्हा वर्गणी कोणाकडून किती घ्यायची यावर पहिल्यांदाच मोकळे बोलणे झाले.

असा प्रश्न तिथे विचारता आला, कारण लोकांना खात्री होती की हे बोलणे हॉलच्या बाहेर जाणार नाही. ही खात्री मोडली तर काय होते, तेही आम्ही पाहिले आहे. एका संस्थेच्या बदली समितीने, म्हणजे पाळकांच्या बदल्या ठरवणाऱ्या समितीने, एका मंडळीचा अहवाल मागवून घेतला. त्यात नेतृत्वाच्या सदरात आकडा कमी होता. त्या सदरातले प्रश्न पाळकाविषयी जेवढे असतात तेवढेच पंच, संडे स्कूलचे शिक्षक आणि महिला मंडळाच्या पुढारी यांच्याविषयीही असतात, पण समितीत तो आकडा पाळकाविरुद्धची तक्रार म्हणून वाचला गेला आणि वर्ष पुरे होण्याआधी त्यांची बदली झाली. ही बातमी आसपासच्या गावांत पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या मंडळीत प्रश्नावली भरली तेव्हा खोक्यातल्या जवळजवळ सर्व कागदांवर प्रत्येक प्रश्नाला सर्वांत चांगल्या खणात खूण होती. आपल्या पाळकावर बालंट येऊ नये म्हणून लोकांनी ठरवून तसे केले होते, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. त्या कागदांचा उपयोग काय? संस्थेला त्या मंडळीविषयी काहीच कळले नाही आणि मंडळीलाही स्वतःविषयी काही कळले नाही.

यावर एका ज्येष्ठ बंधूंनी मला विचारले की बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातली सात मंडळ्यांना लिहिलेली पत्रे तर सर्वांना वाचून दाखवली गेली, मग तुमचा हा गुप्तपणा कशाला. प्रश्न चांगला आहे. लावदिकीयाचे दोष इफिसकरांनीही ऐकले यात शंका नाही. पण ती पत्रे मंडळीलाच लिहिलेली होती, मंडळीतच वाचली गेली, आणि कोणत्याही नेमणूक समितीच्या फायलीत जाऊन पडली नाहीत. आम्हीही निकाल मंडळीपासून लपवत नाही. तो आधी पाळक आणि पंचांसमोर एकत्र ठेवला जातो, मग संपूर्ण मंडळीला वाचून दाखवला जातो. मंडळीला वाटले तर तिने तो आपल्याकडे पाठवावा, आणि पुष्कळ मंडळ्या आपणहून पाठवतीलही. आमचे म्हणणे एवढेच आहे की पाठवायचा की नाही हे मंडळीने ठरवावे.

आपल्याला मंडळीची माहिती असण्याचा अधिकार आहे, हे कोणी नाकारत नाही. त्यासाठीचे मार्ग पूर्वीपासून आहेत : पाळकांचा वार्षिक अहवाल, अधीक्षकांची भेट, लेखापरीक्षण झालेले हिशेब, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे जाणारी कागदपत्रे. ज्या संस्थांचे विश्वस्तांतले बदल नोंदवण्याचे अर्ज वर्षानुवर्षे प्रलंबित आहेत त्यांनी मंडळीच्या भक्तीचा आकडा मागण्याआधी तिकडे लक्ष दिले तर बरे होईल. काही बाबतींत कोचाने गप्प बसायचेच नाही, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि त्याला मंडळीचा गोपनीयतेचा ठराव आड येऊ शकत नाही. पैशाच्या अपहाराबाबतही कोचाने गप्प बसू नये. या गोष्टी आरोग्याच्या अहवालातून येणार नाहीत, त्यांची वाट वेगळी आहे आणि ती उघडी राहिली पाहिजे. राहतो तो पाळकाच्या उपदेशाला लोक कंटाळले आहेत का, तरुण संघाला निर्णयात जागा आहे का, महिला मंडळाचे पैसे कोण खर्च करते, अशा प्रश्नांचा मोठा भाग, आणि तो मंडळीनेच सोडवायचा आहे.

बदलीचा विषय निघालाच आहे तर त्यावर आणखी थोडे. एक मंडळी या प्रक्रियेत शिरली की पहिली प्रश्नावली, त्यावरचे बोलणे, सहा-सात जणांचा आरोग्य गट, एका लक्षणावर आठ-दहा महिन्यांचे काम आणि मग दुसरी प्रश्नावली, असे साधारण दीड ते दोन वर्षांचे चक्र असते. मेथडिस्ट परंपरेत वार्षिक कॉन्फरन्समध्ये नेमणुका वाचल्या जातात आणि इतर संस्थांतही एप्रिल-मेमध्ये बदल्यांचा हंगाम असतो. चक्राच्या मध्येच पाळक बदलला तर नव्या पाळकाला ते आधीच्याचे लचांड वाटते आणि गट विरून जातो. आजारपण, मुलांचे शिक्षण, गंभीर तक्रार अशी कारणे सोडून दोन वर्षे त्या पाळकाला तिथेच राहू द्यावे, अशी आमची दुसरी विनंती आहे. बदलीच्या यादीतल्या अडचणी मला ठाऊक नाहीत असे नाही, पण यादीतल्या एका नावापुढे फुली मारणे आपल्याला शक्य असते हेही ठाऊक आहे.

आता एका गोष्टीवर मला थोडे थांबायचे आहे, कारण ती प्रश्नावलीत नाही. आपल्या मंडळ्यांपैकी पुष्कळशा जुन्या मिशन स्टेशनांभोवती वाढल्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमांत आलेली मुले ही आपल्यातल्या कित्येक घराण्यांची सुरुवात आहे. शाळा, वसतिगृह, दवाखाना आणि त्यांच्या मधोमध चर्च, अशी ती वस्ती होती आणि नोकऱ्याही तिथेच होत्या. आज वसतिगृह बंद आहे, दवाखाना कुठे बंद तर कुठे कसाबसा चालू आहे, तरुण पोरे पुणे, नागपूर किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत गेली आहेत आणि तीनशे माणसांसाठी बांधलेल्या दगडी इमारतीत वीस-पंचवीस माणसे बसतात. खुद्द यवतमाळात १९५३ साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था १९८३ साली पुण्याला गेली, तेव्हा तिच्याबरोबर दर रविवारी खेड्यांत सेवेला जाणारी विद्यार्थ्यांची फळीही गेली. अशा मंडळीला ‘तुमची वाढ का होत नाही’ असे विचारणे निव्वळ निर्दयपणाचे आहे. तिचे आरोग्य वेगळ्या रीतीने पाहावे लागते : आजारी सभासदाकडे किती दिवसांत कोणी जाते, पाळक नसलेल्या रविवारी उपासना कोण चालवते, शहरात गेलेल्या मुलांशी मंडळीचा काही संबंध उरला आहे का, कबरस्तानची जागा कोण राखते. वाढीचे तक्ते मागवताना समित्यांनी या मंडळ्यांना नापासांच्या यादीत टाकू नये. त्यांच्यातल्या काही मंडळ्या फार निरोगी आहेत.

दुसरी गोष्ट कर्जाची. २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, ते अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा हे जिल्हे म्हणजेच आपल्या ग्रामीण मंडळ्यांचा मोठा भाग आहे. असे असूनही घरोघरी भरणाऱ्या गृहसभेत प्रार्थनेचे विषय विचारले की ताप येतो, परीक्षा येते, पोरीचे लग्न येते, सावकार येत नाही. बँकेची नोटीस घरात पडून असलेला माणूस त्याच सभेत बसून दुसऱ्याच्या गुडघेदुखीसाठी प्रार्थना करतो. लहान गट सर्व जीवनाला स्पर्श करणारे असावेत असे जर्मनीत बसून लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हे नसणार, पण इथे काम करणाऱ्या कोचाच्या डोळ्यांपुढे हे नसेल तर त्याने घरी बसावे. एका ठिकाणी आरोग्य गटाने गृहसभेतल्या पुरुषांची एक वेगळी बैठक ठेवली आणि त्यात जिल्हा बँकेच्या तालुका शाखेतून निवृत्त झालेल्या एका सभासदाला बोलावले. कर्जाचे पुनर्गठन म्हणजे काय आणि पीकविम्याचा दावा किती तासांत नोंदवावा लागतो, एवढेच त्यांनी सांगितले. पण त्या रात्री तिघांनी आपापले कर्ज किती हे मोठ्याने सांगितले. हे आकडे उद्या एखाद्या संस्थेच्या अहवालात ‘मंडळीची आर्थिक स्थिती’ म्हणून छापले गेले, तर त्या घरांत पुढे काय होईल याचा विचार करावा. एकाच गावात, त्याच जातीपातीच्या आणि देण्याघेण्याच्या चौकटीत राहणाऱ्या माणसासाठी ही केवळ लाजेची बाब नसते, पोरीची सोयरीक त्यावर अडते.

कोच कोण असावेत यावरही समित्यांनी मोकळ्या मनाने विचार करावा. सध्या निवृत्त पाळक आणि माझ्यासारखे निवृत्त मास्तर जास्त आहेत, ते बोलण्याची सवय असलेले आणि म्हणून या कामाला थोडे कच्चे. माझ्या पाहण्यात सर्वांत चांगले कोच म्हणजे परिचारिका, अंगणवाडी सेविका आणि बचत गट चालवलेल्या बाया. घराघरांत जाऊन न दुखावता कसे विचारायचे, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. पूर्वी मिशनच्या काळात बायबल-बाया, म्हणजे बायबल सांगणाऱ्या स्त्रिया, गावोगाव पायी जात, त्यांच्या कामाची आठवण आपण समारंभात काढतो, पण आजच्या बाईला पंचमंडळासमोर प्रश्न विचारायला पाठवायचे म्हटले की कमिटी कुरकुरते. प्रवासखर्चाची सबब आता उरलेली नाही : २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि त्याआधीच्या वर्षापासून ७५ वर्षांवरच्यांना तर तिकीटच नाही.

पैशाबाबत आमची मागणी उलटी आहे. कोचांना मानधन देऊ नये. बसचे भाडे आणि दुपारचे जेवण पुरे, आणि ते शक्यतो ज्या मंडळीत काम चालू आहे तिने द्यावे. विदेशी अंशदान कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादाही २० टक्क्यांवर आली आहे, तेव्हा बाहेरच्या पैशावर असे काम उभारण्याचा विचार तसाही व्यवहार्य नाही. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटले असते. पगारी माणूस पगार देणाऱ्याला अहवाल देतो. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला, त्यामागे भारतीय ख्रिस्ती माणसाने भारतीय ख्रिस्ती माणसांची सेवा कोणाचा नोकर म्हणून करू नये ही त्यांची तळमळ होती. नागपूर-राजनांदगावच्या रेल्वे प्रवासात ज्यांच्या हाती पहिल्यांदा नवा करार पडला, त्या माणसाचे हे म्हणणे विदर्भाने तरी ऐकायला हरकत नाही.

संस्थांच्या सीमांबद्दल एक सूचना आहे. जुन्या मिशनांनी आपापले मुलूख वाटून घेतले होते : नागपूरकडे स्कॉटिश मिशन, अकोला-खामगाव-अमरावतीकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, यवतमाळात फ्री मेथडिस्ट, वाशीम-बुलढाण्याकडे नाझरीन चर्चचे मिशन. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च, म्हणजे सीएनआय, स्थापन झाले, पण ग्रामीण भागात बाकीच्या सीमा कायम राहिल्या. सोयरिकी मात्र त्या सीमा केव्हाच ओलांडून गेल्या आहेत. कोच आपल्या संस्थेचा असावा असा आग्रह धरला तर तो कोणाचा तरी मेव्हणा निघतो. म्हणून दुसऱ्या संस्थेतला कोच स्वीकारण्याची मुभा प्रत्येक समितीने द्यावी. त्याने बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांच्या रीतींवर एक शब्दही बोलू नये, ही अट आम्हाला मान्य आहे आणि आम्ही ती पाळतो. ज्या स्वतंत्र मंडळ्यांच्या वर कोणतीच समिती नाही, त्यांनीही बोलावले तर जाता यावे.

जिथे जमिनीचा किंवा विश्वस्तपदाचा दावा न्यायालयात चालू आहे आणि मंडळी दोन गटांत फुटली आहे, तिथे मात्र आम्हाला पाठवू नये. एका हॉलमध्ये सकाळी नऊला एका गटाची आणि अकराला दुसऱ्या गटाची उपासना होत असेल, तर तिथल्या आठ लक्षणांचे आकडे दोन्ही वकिलांच्या फायलीत जातील, यापलीकडे काही घडणार नाही. तिथे आधी समेट, मग प्रश्नावली.

आपल्याकडून पाहिजे ते थोडक्यात असे आहे. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर एक ठराव घ्यावा, ज्यात आरोग्य प्रश्नावलीचे कागद आणि अहवाल त्या-त्या मंडळीच्या मालकीचे असतील, मंडळीच्या सर्वसाधारण सभेच्या लेखी संमतीशिवाय ते कोणत्याही समितीला मागवता येणार नाहीत, बदली, बढती किंवा अनुदान ठरवताना ते विचारात घेतले जाणार नाहीत, आणि प्रक्रिया चालू असताना पाळकाची बदली लेखी कारण दिल्याशिवाय होणार नाही, एवढी चार कलमे असावीत. बालसंरक्षण आणि आर्थिक गैरव्यवहार यांचे अपवाद त्याच ठरावात लिहावेत. यापूर्वी समित्यांकडे गेलेल्या अहवालांच्या प्रती मंडळ्यांना परत कराव्यात. बहुतेक संस्थांच्या सभा उन्हाळ्यात होतात, तेव्हा मृगाच्या पेरणीआधी ठराव झाला तर पुढच्या फेब्रुवारीत, वेचणी संपल्यावर, नव्या मंडळ्यांत काम सुरू करता येईल. ठराव होईपर्यंत ज्या मंडळ्यांत काम चालू आहे ते आम्ही पूर्ण करू, नवीन ठिकाणी प्रश्नावली नेणार नाही.

आपला नम्र,
एक स्वयंसेवक कोच,
यवतमाळ जिल्हा